सातवा ठराव

"शेवटचं पान आधी वाचा, ताई," तोडकरमामा म्हणाले. "निकाल तितंच असतोय. आधीची सगळी भांडणं."

मी तांदूळ निवडत होते. सूप बाजूला सरकवलं, हात पुसले आणि त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलेली निकालाची नक्कल हातात घेतली. एकवीस पानं, सगळी इंग्रजीत. मामांना इंग्रजी येत नव्हतं. आमच्या जठारनगरात ज्यांना येत होतं, त्यांच्यातली मामांना घरात घेणारी मी एकटीच उरले होते.

"परवानगी दिली, मामा."

"कुणाला? मला?"

"कंपनीला."

त्यांनी मान हलवली. टोपी काढून मांडीवर ठेवली. "बरं. आनि काय म्हनलंय?"

मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. "‘स्वतःचं हित कशात आहे याविषयी कंपनीलाही मत असू शकतं. ते मत तिनं देणगीच्या रूपानं व्यक्त केलं, तर तिला रोखण्याचं कारण आम्हाला दिसत नाही.’"

"पुडं?"

"‘हरकतदार श्री. रामलिंग तोडकर यांनी आपलं म्हणणं प्रामाणिकपणे मांडलं. ज्या भागधारकाला हे पसंत नसेल, त्याला वार्षिक सभेत उठून तसं बोलण्याचं स्वातंत्र्य आहे. ते त्याच्याकडून कुणी हिरावून घेतलेलं नाही.’"

हे वाक्य त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा वाचताना मला वाटलं, आता हे घरी जातील, चार दिवस गप्प बसतील आणि विषय संपेल. हरलेल्या माणसानं गप्प बसावं, ही माझ्या वडिलांची शिकवण. मामांची तऱ्हा निराळी होती.

"म्हंजे जजसाहेबांनी मला सांगिटलंय, सभेत जाऊन बोल."

"तसं सांगितलेलं नाही हो. बोलता येईल, एवढंच म्हटलंय."

"बोलता येतंय आनि बोललो न्हाई, तर त्येचा उपेग काय, ताई?"

मी पुन्हा सूप ओढलं.

हे एकसष्ट सालचं. जठार कंपनी पिठाच्या गिरण्या बनवायची. कारखान्याभोवती जठारनगर वसलेलं. शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा, गणपती कंपनीचा, आणि सकाळी आम्हाला उठवणारा भोंगाही कंपनीचा. पुढच्या वर्षी निवडणूक होती आणि कंपनीला एका पक्षाला देणगी द्यायची होती. पण कंपनीच्या मूळ कागदात तिनं काय काय करायचं ते लिहिलेलं असतं, आणि त्यात गिरण्या, दळायची जाती, पट्टे, झालंच तर मजुरांसाठी विहिरी खणणं, सगळं होतं, पक्ष नव्हता. कलम वाढवायचं तर तेव्हा कोर्टाची संमती लागे, आणि कुणा भागधारकाची हरकत असेल तर त्यानं कोर्टात यावं अशी नोटीस द्यावी लागे. ती नोटीस मीच टाईप केली होती. मी शेअर खात्यात टायपिस्ट होते. सतराशे भागधारकांना नोटीस गेली. हरकत आली एक.

रामलिंग तोडकर पॅटर्न शॉपमधले. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, काम करायचं तर आधी लाकडाचा साचा लागतो. असे साचे मामा करत. तीस वर्षं केले. पंचवीस वर्षं भरली तेव्हा मोठ्या साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या मालकांनी, नारळ, उपरणं आणि दहा शेअर दिले होते. ते प्रमाणपत्र मामांनी काचेत घालून देवाशेजारी लावलं होतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. निवृत्तीनंतरही साहेबांच्या मेहेरबानीनं चाळीतली खोली त्यांच्याकडे राहिली होती. असा माणूस कंपनीविरुद्ध कोर्टात जातो म्हटल्यावर लोकांनी एकच अर्थ काढला, की विरोधी पक्षानं म्हाताऱ्याला फितवलं.

मीही त्यांना एकदा विचारलं होतं, "मामा, तुमचा त्या पक्षावर एवढा राग का?"

"राग? मत मी त्यास्नीच देनार हाय की!"

"मग भांडताय कशाला?"

"ते मी देनार, ताई. माजं मी देनार. माज्या दहा शेरांच्या तोंडानं कंपनीनं कशापायी जयजयकार करायचा? मला इचारलं का कुनी?"

एवढं साधं होतं ते. पण जठारनगरात कुणालाच पटेना. मलाही त्या वेळी अर्धवटच पटलं, हे कबूल करते. आता पेपरात अशाच बातम्या येतात, कोणत्या कंपनीनं कोणाला किती दिलं आणि कोर्ट त्यावर काय म्हणालं. मी वाचते आणि घडी घालून ठेवते. बोलायला शेजारी कुणी नाही, आणि असतं तरी मी काय तोंडानं बोलले असते!

कोर्टात मामा तीनदा गेले, वकिलाशिवाय. तिसऱ्या खेपेला न्यायाधीशांनी त्यांना मराठीत बोलू दिलं. परत आल्यावर मामा पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. "धा मिंटं बोललो, ताई. कुनी मदी बोललं न्हाई. जजसाहेब पेन खाली ठिवून ऐकत हुते." त्यांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं असावं.

तोवर इथे त्यांच्याशी बोलणं बंद झालं होतं. कुणी हुकूम काढला नव्हता. बहिष्कार वगैरे मोठे शब्द कुणी वापरले नाहीत. न्हावी म्हणे, "आज गर्दी हाय." सोमवारच्या भजनाला मामा गेले की पेटीवाल्याला घरी काम निघे. त्या दसऱ्याला मामा नवी टोपी घालून, ताटलीत आपट्याची पानं घेऊन ओट्यावर बसले होते. सोनं द्यायला त्यांच्याकडे कुणी आलं नाही. मी गेले, पण केव्हा गेले? दिवेलागण झाल्यावर, चाळीत कुणी नाहीसं बघून. मामांना ते कळलं असणार. त्यांनी पानं घेतली आणि मी पाया पडायच्या आधीच म्हणाले, "असू द्या, ताई. जावा तुमी."

त्यांना एकटेपण येत गेलं आणि मला तर ते होतंच. आई आधी गेली, मग वडील. वडील कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांच्यामागे मला नोकरी मिळाली, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं आणि त्यांचे पाच शेअर माझ्या नावावर झाले. लग्नाचं कुणी पाहिलं नाही आणि मग पाहण्याचं वय गेलं. चौतिशीतली बाई संध्याकाळी कुणाकडे जाणार? सगळ्यांच्या घरी मुलांचे अभ्यास आणि नवऱ्यांचे डबे. माझ्याकडे येऊन तासभर बसणारं माणूस एकच, तोडकरमामा. वडिलांशी सोंगट्या खेळायला यायचे, ते नंतरही येत राहिले. कधी पाटाचा पाय बसवून देत, कधी खिडकीची खिट्टी. काहीच मोडलेलं नसेल तर नुसतेच बसत. मला ते बसणं फार हवं असे.

तर त्या निकालानंतर मामा सभेच्या तयारीला लागले, आणि त्यांची मास्तरीण झाले मी.

आमची वार्षिक सभा म्हणजे एक नाटकच होतं. कंपनीच्याच थिएटरात भरायची. सभा संपली की प्रत्येकाला बुंदीचा लाडू आणि चिवडा असा पुडा मिळे, त्यामुळे गर्दी कमी नसे. विषय सहा. प्रत्येक ठराव कुणी मांडायचा आणि कुणी अनुमोदन द्यायचं हे आधीच ठरलेलं असे, आणि त्याच्या चिठ्ठ्या मी टाईप करून वाटत असे. स्टोअरकीपर गद्रे गेली अकरा वर्षं हिशेबतपासनिसांच्या नेमणुकीला अनुमोदन देत होते. आम्ही त्यांना ‘अनुमोदक गद्रे’च म्हणायचो. चिठ्ठी मिळाली नाही तर त्या थिएटरात कुणाचं तोंड उघडत नसे.

"मग मला बी एक चिठ्ठी टाईप करून द्या," मामा म्हणाले.

"तुमचा ठराव सहा विषयांत नाही. सातवा विषय असतो, ‘अध्यक्षांच्या परवानगीनं येणारे इतर विषय’. तिथं उठायचं. अध्यक्ष परवानगी देतील, कारण कोर्टाचा शब्द आहे. मग ठराव वाचायचा, मग अनुमोदकाचं नाव."

"अनुमोदक पायजेच?"

"आपल्या नियमात पाहिजेच. अनुमोदन नसेल तर ठराव तिथंच पडतो. त्यावर बोलताही येत नाही."

मामांनी हे सगळं मनात मांडून घेतलं, सुतार माप घेतो तसं. कोण कुठे बसतं, कुणाला मत आहे, कुणाला नाही, सगळं विचारलं. व्यासपीठावर अध्यक्ष, संचालक, सेक्रेटरी आणि इतिवृत्त लिहिणारा बसतो, हे मी सांगितलं. "आणि इतिवृत्त लिहिणारा शेअरवाला असला तरी त्यानं सभेत भाग घ्यायचा नाही, हात वर करायचा नाही. जो लिहितो त्यानं बोलायचं नाही, असा आपल्याकडे दंडक आहे."

"झ्याक दंडक," मामा म्हणाले आणि हसले.

मग ते अनुमोदक शोधायला निघाले. पॅटर्न शॉपमधल्या सात जणांकडे गेले. दोघांनी दार उघडलं. एकानं सांगितलं, "मामा, पोरगं औंदा अप्रेंटिसला लागायचंय." मामांनी स्वतःच त्याची समजूत काढली आणि परत आले. माझ्या ओट्यावर बसून पाणी प्यायले. मला काही विचारलं नाही. मीच म्हणाले.

"माझे पाच शेअर आहेत, मामा."

"तुमी नगा."

"का? बाईचं अनुमोदन चालत नाही असं कुठं लिहिलंय?"

"तसं न्हवं. तुमचं क्वार्टर हाय. नोकरी हाय. एकट्या हाय तुमी."

"तुम्ही कोण मोठे दुकटे लागून गेलात!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मलाही भरून आलं. त्या क्षणी मी अगदी मनापासून बोलले होते; हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कचेरी रिकामी असताना मी चिठ्ठी टाईप केली. ‘ठराव क्रमांक सात. ही सभा असे ठरविते की, कंपनीने कोणत्याही राजकीय पक्षास देणगी देण्यापूर्वी भागधारकांची संमती घ्यावी. सूचक : श्री. रामलिंग तोडकर. अनुमोदक : कु. मालिनी परचुरे.’ स्वतःचं नाव मी हजारदा टाईप केलं असेल, पण त्या दिवशी ते नवीन दिसलं.

मामा रोज संध्याकाळी येऊन भाषणाची तालीम करू लागले. चार मिनिटांचं भाषण. मी घड्याळ घेऊन बसे. "मी तीस वर्सं साचे केले. साचा जसा, तसं बीड निगतं. साच्यात खोट असली तर बिडाला दोष देऊन भागत न्हाई," अशी सुरुवात होती. पुढे म्हणत, "कंपनी मोठी हाय, तिचा आवाज मोठा हाय. माजा ल्हान हाय. पन माजा आवाज तिच्या आवाजात मिसळून टाकू नगा. येगळा ऱ्हाऊ द्या." ते हे म्हणाले की मी उगाच घड्याळाकडे बघायची. फार चांगलं बोलत.

सभेच्या आधीच्या सोमवारी नाडगौडासाहेबांनी मला बोलावलं. ते कंपनीचे सेक्रेटरी, माझे वरिष्ठ. आवाज न चढवणारा, सर्दीचा माणूस, सदा मफलर.

"तोडकर तुमच्याकडे येतात ना, मालिनीबाई?"

"येतात. वडिलांच्या वेळेपासून येतात."

"हां हां. प्रकृती कशी आहे त्यांची? वाळलेत फार. परवा रस्त्यात दिसले, मी हाक मारली, पण त्यांना ऐकू गेलं नसावं."

"बरी आहे."

"सांभाळा म्हणावं," ते म्हणाले आणि पुढची फाईल ओढली.

मी जागेवर येऊन बसले. कुणी काही बोललं नव्हतं, तरी मला सगळं ऐकू येत होतं. क्वार्टर सोडण्याची नोटीस कोणत्या कागदावर निघते, तिचा मजकूर काय असतो, खाली कुणाची सही लागते, हे मला पाठ होतं. दोन-चार मीच टाईप केल्या होत्या. ट्रंक घेऊन मी कुठे जाणार? काकांकडे, पुण्याला, त्यांच्या स्वयंपाकघरात? त्या संध्याकाळी मामा आले तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

सभा शनिवारी चार वाजता होती. थिएटर भरलं होतं. दरवर्षी इतिवृत्त लिहायला मुंबईच्या कचेरीतून एक लघुलेखक येई. त्या वर्षी तो आला नव्हता. व्यासपीठावर उजव्या टोकाच्या खुर्चीवर वही आणि दोन टोकदार पेन्सिली घेऊन मी बसले होते.

मामा चौथ्या रांगेत होते. दसऱ्याचीच टोपी. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या, आणि मागे लोक उभे. ते आत आले तेव्हा त्यांनी आधी बायकांच्या रांगा पाहिल्या. मला शोधत होते. मग त्यांची नजर वर आली आणि माझ्यावर थांबली. मी वहीचं पान उलटलं.

सहा विषय वीस मिनिटांत आटोपले. अनुमोदक गद्र्यांनी आपलं बाराव्या वर्षाचं अनुमोदन दिलं, टाळ्या झाल्या. अध्यक्ष जठारसाहेब, मोठ्या साहेबांचे चिरंजीव, चष्मा पुसत म्हणाले, "इतर विषय?"

मामा उठले. "परवानगी असावी."

"बोला, तोडकर. कोर्टानंच सांगितलंय तुम्हाला, आम्ही कोण अडवणार?" लोक हसले. साहेब वाईट बुद्धीनं बोलले नव्हते, पण लोक हसले.

मामांनी खिशातून चिठ्ठी काढली आणि ठराव वाचला. आवाज स्वच्छ होता. "सूचक, रामलिंग तोडकर," ते म्हणाले. "अनुमोदक..."

मी मान खाली घालून होते. पेन्सिलीचं टोक कागदावर टेकलेलं होतं.

"अनुमोदक न्हाई," मामा म्हणाले. "ती जागा रिकामी हाय."

त्यांनी चिठ्ठीची घडी केली, मग आणखी एक घडी केली, आणि खिशात ठेवली.

नाडगौडा जठारसाहेबांच्या कानाशी लागले. नियम सांगत असणार. साहेबांनी मान हलवली आणि ध्वनिक्षेपक जवळ ओढला. "अनुमोदन नसलेला ठराव चर्चेला येत नाही. पण तोडकर आपल्याच घरातले आहेत. या कंपनीत कुणाचं बोलणं अडलं असं होता कामा नये. या ठरावाला मी स्वतः अनुमोदन देतो!"

असा टाळ्यांचा कडकडाट मी त्या थिएटरात पुन्हा ऐकला नाही. कुणीतरी "जठारसाहेब की" असंही ओरडलं. मामा उभेच होते. लोक थांबले तेव्हा साहेब म्हणाले, "हं, बोला आता मनमोकळं."

मामांनी तोंड उघडलं. "मी तीस वर्सं साचे केले," ते म्हणाले. मग थांबले. चार मिनिटांचं ते सगळं भाषण मला पाठ होतं. पुढचं वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मामा इकडेतिकडे पाहत राहिले. "साहेबांनीच अनुमोदन दिलंय," ते शेवटी म्हणाले. "आता मी आनि काय बोलू?" आणि खाली बसले.

मतदान झालं. ठरावाच्या बाजूनं हात वर करा म्हटल्यावर चौथ्या रांगेतला एक हात वर झाला. अनुमोदन देणाऱ्या साहेबांनी स्वतःचा हात वर केला नाही. नंतर म्हणे कुणीतरी गमतीनं ते निदर्शनास आणलं, तेव्हा साहेबही हसले. नाडगौडांनी माझ्याकडे वळून हळूच सांगितलं, "बाजूनं एक." मी लिहिलं, बाजूनं एक.

पुड्यांसाठी झुंबड उडाली तेव्हा मामा दिसेनासे झाले. सोमवारी दोन वर्तमानपत्रांत बातमी होती : विरोधकाला स्वतः अनुमोदन देणारे उदार अध्यक्ष.

मंगळवारी संध्याकाळी मी मामांच्या खोलीवर गेले. या वेळी उजेडी गेले, चाळीतल्या सगळ्यांच्या देखत. आता भीती कसली! मामा पटाशी, रंधे, करवती पोत्यात बांधत होते. भिंतीवर काचेच्या चौकटीचा चौकोन तेवढा पांढरा राहिला होता.

"कुठं निघालात?"

"गावाकडं. जतजवळ भावाचा मळा हाय. पुतन्या हाय."

"कुणी जायला सांगितलं का?"

"कोन सांगनार? चांगली मानसं हाईत सगळी." त्यांनी मला बसायला पाट दिला आणि स्वतः जमिनीवर बसले. मी काय बोलावं याची मनात जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात तेच म्हणाले, "ताई, माजी चूक झाली. माफ करा."

"तुमची?"

"मी आत आलो आनि तुमाला वर बसलेलं बगितलं. म्हनलं, नाडगौडासायबांनी बराबर डाव टाकला. लिवनाऱ्यानं बोलायचं न्हाई, तुमीच सांगिटलं हुतं न्हवं का? आता नाव घेतलं तर ताई भर सभेत उबी ऱ्हाईल, दंडक मोडील, नोकरी जाईल. म्हनून मी तुमचं नाव गिळलं." ते थांबले. "तीन राती झोप न्हाई. माज्या तोंडानं कंपनी बोलती म्हनून मी कोर्टात गेलो, आनि तुमचं तोंड मीच बंद केलं की! तुमाला इचारलं का मी? तुमी उबं ऱ्हायला तयार हुता. हुता का न्हाई?"

ते माझ्याकडे बघत होते. त्या खोलीत सामान उरलं नव्हतं, त्यामुळे आवाज घुमत होता.

"होते," मी म्हणाले.

"मग चूक माजीच," मामा म्हणाले. त्यांनी दोन्ही हात जोडले. वडिलांच्या वयाचा माणूस, माझ्यापुढे हात जोडून बसला होता आणि मी ते हात धरून खालीही केले नाहीत. "असू दे, मामा," एवढंच म्हणाले, जणू मोठ्या मनानं.

दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं ते गेले. दिवाळीला त्यांचं कार्ड येई, पुतण्याच्या अक्षरात. शेवटी नेहमी ‘ताईंनी राग धरू नये’ असं असायचं. तीन कार्डं आली. चौथ्या वर्षी पुतण्याचंच पत्र आलं. मी त्या क्वार्टरमध्ये आणखी बावीस वर्षं राहिले आणि संध्याकाळी माझ्याकडे बसायला पुन्हा कुणी आलं नाही.

नाडगौडांनी कसलाही डाव टाकला नव्हता. सभेआधीच्या त्या सोमवारी त्यांनी खरोखरच मामांच्या प्रकृतीची चौकशी केली होती, दुसरं काही त्यांच्या मनातही नव्हतं. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, मीच त्यांच्या टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "साहेब, यंदा मुंबईहून माणूस कशाला बोलवायचा? इतिवृत्त मी लिहिते."

त्यांनी मफलर सारखा केला आणि समाधानानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही होऊन म्हणालात ते बरं झालं, मालिनीबाई," ते म्हणाले. "मला सुचलंच नसतं."